स्क्रोल सॉवर देवनागरी नावाची पाटी कापताना: माझा अनुभव

स्क्रोल सॉ म्हणजे वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याने वळणदार आकार कापणारं यंत्र. त्याचं पातं खाली येताना लाकूड कापतं आणि वर जाताना तेच लाकूड स्वतःबरोबर उचलू बघतं. यंत्र मिनिटाला हजार फेऱ्यांवर चालत असेल, तर हा झटका सेकंदाला सोळा-सतरा वेळा बसतो. लाकूड टेबलावर थाडथाड आपटणं, पातं तुटणं, दचकून हात भलतीकडे जाणं, या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा त्या वर जाणाऱ्या फेरीत असतं. म्हणून घरावर लावायची नावाची पाटी कापायला घेतो तेव्हा माझी निम्मी तयारी लाकूड टेबलाला टेकलेलं राहावं यासाठीच असते.

देवनागरी आणि स्क्रोल सॉ यांचं छान जमतं. शिरोरेघेमुळे अख्खं नाव एका तुकड्यात निघतं, अक्षरं सुटी सुटी चिकटवत बसावं लागत नाही. पण कुठलंही नाव कसंही कापून चालत नाही. ‘गिरणा’ सोपं आहे: पाचही खुणा शिरोरेघेला लटकलेल्या, आणि आतून कापायच्या जागा दोनच, पहिल्या वेलांटीच्या कमानीखालची आणि ‘ण’च्या पोटातली. ‘प’ आणि ‘म’ यांची पोटं शिरोरेघेने वरून बंद होतात, तिथे भोक पाडून आतून कापावं लागतं. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्यावर शिरोरेघ तुटलेली असते. मजबुतीसाठी ती जोडून टाकली की ‘धुळे’चं ‘घुळे’ होतं आणि ‘भ’चा ‘म’. तिथे रेघ तुटलेलीच ठेवायची आणि जोर हवा असेल तर नावाखालून एक आडवी पट्टी काढून अक्षरांचे पाय तिला जोडायचे. ‘ळ’ आमच्याकडच्या नावांत हमखास येतो, जळगाव म्हणा, चाळीसगाव म्हणा, आणि त्याचं सगळं वजन मधल्या एका दांडीवर असतं. फॉन्टमध्ये ती दांडी बारीक असेल तर मी छपाईआधीच जाड करून घेतो. अनुस्वार सुटा पडतो, म्हणून त्याला शिरोरेघेशी जोडणारा चार-पाच मिलिमीटरचा पूल ठेवतो. अक्षराची उंची १०० मिलिमीटर असेल तर दांडी आठ-नऊ मिलिमीटरच्या खाली नको आणि शिरोरेघ किमान १२ हवी. आखणीतला बारीकपणा कागदावर सुंदर दिसतो, यंत्रावर तोच थरथरतो आणि मोडतो.

लाकूड म्हणून सुरुवातीला १२ मिलिमीटरचं चांगलं प्लायवुड घ्यावं. वखारीत साग घेताना सरळ रेषांची, गाठ नसलेली फळी निवडून घ्या. सातपुड्याकडचा हळदू मिळाला तर सोडू नका, त्याचा पोत बारीक असतो आणि कडा स्वच्छ निघते. बाभूळ या कामाला मी घेत नाही, रेषा उलटसुलट असतात आणि पातं ओढलं जातं. सागात सिलिका असते, त्यामुळे पातं लवकर बोथट होतं, हे हिशेबात धरून पाती आणायची. फळी टेबलावर ठेवून चारही कोपरे बोटाने दाबून बघा. डुगडुगत असेल तर ती वर जाणाऱ्या फेरीला आयतीच सापडते. थोडीशी वाकलेली फळी घ्यावीच लागली, तर फुगीर बाजू वर आणि दोन्ही कडा टेबलावर, म्हणजे ती झुलत नाही. मेमध्ये पारा ४४-४५ वर असताना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली फळी आणि कूलरच्या ओलाव्यात ठेवलेली फळी, दोन्ही वाकतात. लाकूड घरातल्या साध्या खोलीत सपाट ठेवलेलं बरं.

पात्याच्या बाबतीत एक नियम पाठ करावा: कापताना लाकडाच्या जाडीत किमान तीन दात असले पाहिजेत. ५ नंबरच्या पात्याला इंचाला साधारण बारा-तेरा दात असतात. १२ मिलिमीटरच्या लाकडात पाच-सहा दात येतात, छान. तेच पातं तीन मिलिमीटरच्या प्लायला लावलं तर जेमतेम दीड दात आत असतो, तो दात कडेत अडकतो आणि प्लाय उसळतं. पातळ प्लायला बारीक पातं लावा, नाहीतर दोन-तीन तुकडे दुहेरी टेपने एकावर एक चिकटवून जाडी वाढवा. १८ मिलिमीटरच्या सागाला ७ किंवा ९ नंबर. उलट्या दातांचं पातं मिळतं, त्याचे खालचे काही दात वर तोंड करून असतात आणि खालच्या बाजूच्या कपच्या उडू देत नाहीत. काम सुरेख येतं, पण हेच दात लाकडाला वर ढकलतात, म्हणून असं पातं लावलं की दाब वाढवायची तयारी ठेवा. लावताना पातं सगळ्यात वर असताना उलटे दोन-तीन दातच टेबलाच्या वर यायला हवेत.

टोकाला पिन असलेलं पातं लावायला सोपं, पण आतलं कापायला त्याला पाच-सहा मिलिमीटरचं भोक लागतं. वेलांटीच्या आतल्या कोपऱ्यात ते मावत नाही. बिनपिनच्या ५ नंबरला दोन मिलिमीटरचं भोक पुरतं. अक्षरांच्या कामाला माझा कौल बिनपिनच्या पात्याला आहे. यंत्र घेताना दोन्ही प्रकारची पाती चालतात का, हे बघूनच घ्यावं.

पातं लावताना प्लग बोर्डातून बाहेर. बटण बंद केलं म्हणून पुरत नाही. दात समोर आणि खाली तोंड करून. बारीक पात्यावर दात दिसत नाहीत, तेव्हा सुती चिंधी पात्यावरून हलकेच खाली सरकवायची. दातांचं तोंड खाली असेल तर चिंधी सहज सरकते, वर नेताना अडकते. पकडीच्या स्क्रूवर आणि पात्याच्या टोकांवर तेलाचा अंश राहिला तर पातं निसटतं, म्हणून टोकं पॉलिश पेपरवर एकदा घासून घेतो. मग ताण द्यायचा. बोटाने छेडलं की तारेसारखा बारीक, स्वच्छ आवाज यायला हवा आणि बाजूने हलकं दाबल्यावर पातं एका सुतापेक्षा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापेक्षा, जास्त सरकू नये. ढिलं पातं वळणावर पोटातून वाकतं, कड तिरपी होते, आणि वाकलेल्या पात्याला चीर चिमटते की लाकूड लगेच उचललं जातं. टेबल काटकोनात आहे का, हे छोट्या गुण्याने बघायचं. गुण्या नसेल तर जाड तुकड्याला थोडी चीर पाडा, यंत्र थांबवा, तुकडा फिरवून तीच चीर पात्याच्या पाठीमागून लावा. पातं चिरेत सरळ बसलं तर टेबल बरोबर आहे.

यंत्राचा लाकूड दाबून धरणारा पुढचा पाय बरेच जण काढून ठेवतात, कारण त्याने रेघ झाकली जाते. सरावलेल्या हातालाच ते परवडतं. बाकीच्यांनी तो लाकडाच्या वर कागद सरकेल एवढ्याच फटीवर ठेवावा. घट्ट आवळला तर लाकूड वळत नाही आणि आपण जोर लावतो. ढिला ठेवला तर तो असून नसल्यासारखा.

वीज हा आमच्या भागातला स्वतंत्र विषय आहे. कापता कापता वीज गेली की यंत्र थांबतं, माणूस उठून जातो आणि बटण चालूच राहतं. वीज परत आली की पातं आपोआप सुरू होतं, तेव्हा समोर लहान मूल असू शकतं किंवा आपलाच हात पातं सोडवत असू शकतो. वीज गेली की पहिलं काम बटण बंद करणं आणि दुसरं प्लग काढणं. वीज गेल्यावर स्वतःहून बंद अवस्थेत जाणारा स्विच बसवून घेता आला तर त्याहून चांगलं. पायाने दाबायचा स्विच असेल तर दोन्ही हात लाकडावर राहतात, हा मोठा फायदा. त्यातही पाय उचलताच बंद होणाराच घ्यायचा. यंत्र टेबलाला बोल्टने, खाली रबर घालून बसवलेलं हवं आणि बोर्डाला अर्थिंग असलंच पाहिजे.

उन्हाळ्यात गळ्यात रुमाल किंवा उपरणं असतं, ते आधी उतरवून ठेवायचं. अंगठी, कडं, दुपट्टा, मोकळे केस, सगळं आवरलेलं. हातमोजे घालायचे नाहीत, त्यांचा धागा पात्यात ओढला जातो. गॉगल घालायचाच. घामाने तो धुकटतो, म्हणून मी उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करतो आणि धुकटला की यंत्र बंद करून पुसतो. कूलरचा झोत टेबलाकडे असेल तर भुसा थेट तोंडावर येतो. झोत पाठीकडून बाजूला वळवा आणि एन-९५ मास्क लावा. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे, सागाचा भुसा कातडीला आणि श्वासाला त्रास देतो, आणि एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) भुशात फॉर्मल्डिहाइडची रेझिन असते. तोंडावर रुमाल बांधून हा बारीक भुसा अडत नाही.

अक्षरांची आखणी चिकटवताना फळीवर आधी कागदी मास्किंग टेप, त्यावर डिंकाने छापील कागद आणि सगळ्यात वर पारदर्शक पॅकिंग टेप. वरच्या टेपमुळे पातं कमी तापतं आणि कड जळत नाही. खालच्या टेपमुळे शेवटी कागद सोलून निघतो. भोकं पाडताना खाली टाकाऊ फळी ठेवायची, म्हणजे मागून कपची उडत नाही. भोकाच्या मागच्या कडेला उभी राहिलेली कोर (टोकदार धार) पॉलिश पेपरने काढून टाका, नाहीतर फळी त्या टोकांवर उभी राहते आणि पुन्हा डुगडुगते.

कापायचा क्रम: आधी आतली पोटं, मग शिरोरेघेखालच्या मोकळ्या जागा, बाहेरची कड शेवटी. बाहेरची कड आधी कापली तर धरायला काही उरत नाही आणि बोटं पात्याजवळ येतात. प्रत्येक आतल्या भोकासाठी प्लग काढायचा, वरची पकड सोडायची, पातं भोकातून ओवायचं, पुन्हा ताण द्यायचा. कंटाळवाणं आहे, पण यात वाट काढायची नाही.

सरावासाठी वेग ६०० ते ८००, हात बसल्यावर हजार-बाराशे. दोन्ही पंजे लाकडावर पसरलेले, बोटं पात्याच्या समोर नाहीत, बाजूला, दोन इंच लांब. अंगठे पात्याच्या रेषेत ठेवायचे नाहीत, कारण लाकूड अचानक सुटलं तर हात त्याच दिशेने पुढे जातो. जोर खाली द्यायचा, पुढे फक्त सरकवायचं. बहुतेक पाती किंचित उजवीकडे ओढतात, कारण बनवताना एका बाजूला कोर राहते. हात चुकतोय असं समजून झगडू नका. टाकाऊ तुकड्यावर एक सरळ रेघ कापून बघा आणि लाकूड जेवढं तिरकं धरल्यावर रेघ सरळ जाते, तेवढं तिरकं धरा. कोपऱ्यावर पुढे रेटणं थांबवायचं, पात्याच्या पाठीवर हलकं रेलून लाकूड जागेवर फिरवायचं, मग पुढे निघायचं. पाटीचा तुकडा तळहातापेक्षा लहान असेल तर तो आधी मोठ्या टाकाऊ प्लायवर दुहेरी टेपने चिकटवा.

इतकं करूनही कधीतरी लाकूड उसळतंच. तेव्हा हात मागे घ्यावेसे वाटतात आणि तेच घातक. हात सुटले की लाकूड पात्यासोबत वर-खाली आपटत राहतं आणि पातं तुटेपर्यंत थांबत नाही. दोन्ही पंजांनी लाकूड टेबलावर दाबून ठेवायचं आणि पाय उचलून यंत्र बंद करायचं. पायाचा स्विच नसेल तर एका पंजाने दाबून दुसऱ्या हाताने बटण. तो हात न बघता बटणावर पडला पाहिजे, म्हणून यंत्र बंद असताना ही हालचाल मुद्दाम करून ठेवावी. अर्धवट चिरेतून लाकूड मागे घेताना पातं चालू नको. थांबवायचं, मग मागे घ्यायचं.

पातं तुटलं तर ‘टक्’ असा आवाज येतो आणि वरचा तुटका तुकडा खाली-वर टोचत राहू शकतो. आधी यंत्र बंद, मग प्लग, मग हात. पण बोथट पातं तुटण्याची वाट बघूच नये. कड काळी पडायला लागली, रेघ सोडून जायला लागलं, किंवा आपण नकळत जास्त रेटतोय असं वाटलं, की पातं संपलं. सागात ते अर्ध्या तासातही संपतं. प्लायमधला गोंदही दात लवकर खातो. पात्याचा खर्च वाचवण्यासाठी रेटत राहणं मला अजिबात मान्य नाही, कारण रेटताना लाकूड अचानक सुटतं आणि बोटं पुढे जातात. जुनी पाती झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकायची, केरात नाही. नवी पाती कूलरच्या दमट हवेपासून बंद नळीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत.

पाटी सुटली की कागद सोलून १५० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हाताने घासायची. आतल्या पोटांसाठी बारीक कानस. बाहेर लावायची असेल तर जूनचा पाऊस येण्याआधी वॉर्निशचे किमान तीन हात, मागच्या बाजूला आणि कापलेल्या कडांनाही. कडांतूनच पाणी सगळ्यात आधी शिरतं. भिंतीपासून पाटी पाच-सहा मिलिमीटर पुढे राहील असे छोटे ठोकळे मागे चिकटवा, म्हणजे मागे पाणी साचत नाही. स्क्रूसाठीची भोकं शिरोरेघेच्या दोन टोकांपाशी घ्या, ‘ळ’च्या दांडीजवळ नको.