रतांब्याची मलेशियातली भावंडं

फळांच्या बाबतीत मला कुणी काही शिकवेल, असं मलेशियाला जाईपर्यंत वाटलं नव्हतं. माझं आजोळ राजापूरजवळ. मे महिना आंबे, फणस, करवंदं आणि रतांबे (ज्यांची आमसुलं होतात ती कोकमाची फळं) यांतच संपायचा. त्यामुळे २०२४ च्या मार्चमध्ये एका सत्रासाठी क्वालालंपूरजवळच्या विद्यापीठात गेले, तेव्हा धास्ती होती ती कागदपत्रांची.

ते थोडक्यात सांगते. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय मलेशियात जाता येतं, म्हणून घरी सगळे विचारत होते, "मग तुझं काय अडलंय?" ती सवलत फिरायला जाणाऱ्यांसाठी. शिकायला जायचं तर स्टुडंट पास हवा. आधी मान्यतेचं पत्र, तिथे पोचल्यावर मेडिकल, मग पास. माझा पासपोर्ट या कामासाठी एका कार्यालयात जो गेला तो आठवडेच्या आठवडे परत येईना. १० एप्रिलला ईद होती. बाकीच्या परदेशी मुली सुटीत सिंगापूरला गेल्या. मी पासपोर्टाविना कुठे जाणार? माझी मलय रूममेट म्हणाली, चल माझ्या गावी. त्या कार्यालयाचे मी अजून आभार मानलेले नाहीत, पण मानायला हवेत.

गाव पहांग राज्यात, तेमर्लोहजवळ. खांबांवर उभं लाकडी घर, पायऱ्यांशी चपलांचा ढीग. रूममेटच्या आईला मी 'माक चिक' म्हणायचं ठरलं. आपण कुणालाही काकू-मावशी म्हणतो तसंच ते. नमस्कार म्हणजे दोन्ही हातांनी समोरच्याचे हात हलके धरायचे आणि मग आपला हात छातीशी न्यायचा. बोट दाखवायचं झालं तर तर्जनी नाही, मूठ मिटून अंगठा. हे मला दोन दिवस जमेना, सारखी तर्जनी बाहेर यायची. जेवणं मात्र सोपी गेली: उजव्या हाताने भात कालवायचा, त्यात शिकण्यासारखं काय होतं! गोमांसाचं कसं सांगू या काळजीत मी होते, तर माक चिकनी आधीच विचारून ठेवलं होतं. मलेशियात हिंदू शेजारी नवे नाहीत.

भाषेने तर गंमतच केली. 'नामा', 'भाषा' अर्थात 'बहासा', 'गुरू' हे कानाला लगेच कळले. उपवासाला 'पुआसा'. पण 'दोसा' म्हणजे पाप, आणि चेहऱ्याला म्हणतात 'मुका'. सकाळी सकाळी माक चिक "मुका धू" या अर्थाचं काही म्हणाल्या की मला हसू आवरायचं नाही. शेजारच्या लग्नाच्या जेवणाला 'कन्दुरी' म्हणाले तेव्हा मी चमकलेच. बाबांचं गाव सोलापूरकडचं. तिथे पिराला बकरं देऊन कंदुरी करतात. फारसीतून निघालेला एकच शब्द, एक समुद्रापलीकडे गेला आणि एक आमच्या गावच्या बकऱ्यापाशी थांबला.

त्या भेटीत नदीतल्या पातीन माशाचं पिवळं, आंबट-तिखट कालवण मी दोनदा मागून घेतलं. आंबटपणा कशाचा, हे रूममेटने मी ताट संपवल्यावर सांगितलं. 'तंपोयाक'. म्हणजे मीठ लावून आंबवलेला ड्युरियन या काटेरी फळाचा गर.

इथे कबुली द्यायला हवी. ड्युरियन मी त्याआधी क्वालालंपूरला एका गाडीवर चाखला होता आणि तोंडातला घास कागदात काढला होता. बरक्या फणसात कुणी कांदा चिरून तो दोन दिवस झाकून ठेवावा, तसा वास. हॉटेलांत आणि गाड्यांत त्याच्या चित्रावर काट मारलेल्या पाट्या असतात, त्या मला अगदी पटल्या होत्या. आणि आता त्याच फळाचं कालवण मी चाटूनपुसून खाल्लं होतं.

खरा हंगाम जूनच्या शेवटी लागला, आणि या वेळी पासपोर्ट हातात असूनही मी तेमर्लोहचीच बस धरली. ड्युरियन तिथे झाडावरून काढत नाहीत, पडायची वाट बघतात. पडतो तो बहुधा रात्री. पहाटे रूममेटच्या वडिलांबरोबर टॉर्च घेऊन बागेत गेलो. अंधारात कुठेतरी धप्प झालं की ते आवाजाच्या दिशेने बघायचे. 'दुरी' म्हणजे काटा, त्यावरून दुरियान, आणि काटे असे की नुसत्या हाताने उचलवत नाही. शहरात 'मुसांग किंग'चा गाजावाजा. क्लांतानमधल्या गुआ मुसांगच्या नावाचा तो वाण. पण रूममेटचे वडील मान हलवून म्हणाले, गावठीच खा. तळाशी पाकळ्यांच्या रेषा असतात, तिथे सुरीचं टोक घालून पिळलं की फळ उकलतं. तो गर गोड होता, मागून कडवट, सायीसारखा. वास होताच, पण दव पडलेल्या बागेत तो फळाचा वाटला, गाडीवर गटाराचा वाटला होता. त्या सकाळी मी चार गरे खाल्ले.

ड्युरियन उष्ण मानतात, म्हणून त्यावर मँगोस्टीन खायचं. आंबा पाण्यात घालून ठेवणाऱ्या आजीला हे लगेच पटलं असतं. हाताचा वास जायला ड्युरियनच्या रिकाम्या सालीत पाणी घेऊन हात धुवायचे. मँगोस्टीनला तिथे 'मंगीस' म्हणतात. तळाला फुलाची नक्षी असते. तिच्या पाकळ्या मोजल्या की आत किती पाकळ्या निघतील ते कळतं. रूममेटचा धाकटा भाऊ यावर माझ्याशी पैज लावायचा. मी एकदाही जिंकले नाही. दोन तळव्यांत दाबून पहिलं फळ फोडलं, तर जांभळा रस उसन्या घेतलेल्या बाजू कुरुंगवर, म्हणजे मलय बायकांच्या पायघोळ पोशाखावर, उडाला. हा डाग जन्मात जायचा नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सालीचा वास आणि तो रंग, सगळं रतांब्यासारखं! मागाहून पाहिलं तर दोघं खरोखरच एकाच वनस्पती-वंशातले, गार्सिनिया.

बाकीची फळं भराभर सांगते. रंबुतान म्हणजे केसाळ ('रंबुत' म्हणजे केस), आतून लिचीच. दुकू नावाच्या फळाची बी चावली तर तोंड कडू. चंपदाक हे फणसाचं लांबोळं भावंड. गरे आठळीसकट पिठात बुडवून तळतात, आणि आठळीही खातात. हे आम्हाला कसं सुचलं नाही?

मग स्वयंपाकघरातल्या फळीवर ती बरणी दिसली. सुकवलेल्या तपकिरी चकत्या, 'आसाम कपिंग'. माशाच्या कालवणात आंबटपणासाठी. मी एक जिभेवर ठेवली. तीही गार्सिनियाच, आमसुलाची मलय बहीण. आईने बॅगेत कोंबलेलं आमसुलांचं पाकीट मी चार महिने उघडलंही नव्हतं.

जुलैत निरोपाला गेले तेव्हा ते नेलं. नारळाचं दूध तिथे पाण्यासारखं मिळतं. लसूण, मिरची, मीठ घालून भांडंभर सोलकढी केली. गुलाबी रंग बघून सगळे खूश झाले, कारण मलयांचं लाडकं 'बांदुंग' अगदी असंच दिसतं: गुलाबाचं सरबत आणि दूध. धाकट्या भावाने अर्धा ग्लास एका दमात घेतला. क्षणभर तो काहीच बोलला नाही. मग आईकडे वळून त्याने विचारलं, यात मासा कधी घालणार?