ओव्हनमध्ये रोपं आहेत, पेटवू नये

आज सकाळी साडेसातला बाहेर उणे २२ होतं. गाडीवरचा बर्फ खरवडून आत आले तर पापण्यांवर पांढरे दाणे जमलेले आणि फोन वाजत होता. आमचे कॅनडातले सकाळचे साडेसात म्हणजे गावाकडे रात्रीचे आठ. आबा, माझे वडील, जेवून सोप्यात बसलेले, मागं टीव्हीवर बातम्यांचा गोंगाट. तब्येत नाही, नात नाही, थेट प्रश्न.

"काय गं, तंबाटीची रोपं टाकलीस का?"

"आबा, अजून फेब्रुवारी आहे."

"मागल्या साली पाडव्याला टाकलीवतीस. पाडवा आलाच की आता."

आबांना माझ्या वीस रोपांची एवढी काळजी असावी, याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात कृष्णेच्या काठाला आमचं रान. मुख्य पीक ऊस. पण उसाचे पैसे हातात यायला वर्ष-दीड वर्ष जातं, म्हणून एका एकरावर टोमॅटो, कधी ढबू मिरची, असं काहीतरी कायम चालू असायचं. रोपं आम्ही घरी कधीच केली नाहीत. आष्ट्याकडच्या एका रोपवाटिकेत सांगून ठेवायचं, पंचवीस दिवसांनी टेम्पोतून ट्रे यायचे, एकेका ट्रेत शंभरावर रोपं, रोपाला रुपया-सव्वा रुपया. संध्याकाळी ट्रे उतरवून आंब्याखाली मांडायचे, रात्रभर तिथल्या हवेला ठेवायचे, उजाडलं की बायका सरीवर लावत जायच्या. चार-पाच दिवसांनी मेलेल्या जागी नांग्या भरायच्या आणि रोप हा विषय संपला.

आणि इथे एडमंटनमध्ये मी वीस रोपांसाठी दोन महिने दिवे, पंखा, ओव्हन आणि नवऱ्याची बोलणी सांभाळते.

कारण सरळ आहे. सांगली १७ अक्षांशाच्या अलीकडे, एडमंटन ५३ च्या पलीकडे. जूनमध्ये इथे सतरा तासांचा दिवस असतो, रात्री दहाला अंगणात बसून पेपर वाचता येतो. टोमॅटोला आणखी काय पाहिजे? पण हे सुख मेअखेर सुरू होतं, आणि सप्टेंबरच्या मध्याला कधीतरी एका रात्रीत दव गोठतं की सकाळी झाडं उकडल्यासारखी काळी पडलेली असतात. मधे मिळतात ते शंभर-सव्वाशे दिवस. बी थेट वाफ्यात टाकलं तर झाड फुलावर येईपर्यंत थंडी दारात. म्हणून बाहेर बर्फ असतानाच घरात रोप करायचं. आपल्याकडे मृग बघून पेरतात, तसं इथे व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाची सुट्टी बघून लावतात. २५ मे च्या आधीचा सोमवार. त्यानंतर सहसा गोठत नाही. तिथून सहा ते आठ आठवडे मागे मोजायचे आणि बी टाकायचं.

हा हिशेब मला पहिल्या वर्षीही ठाऊक होता. पाळला नाही. २०२४ चा जानेवारी भयंकर होता, थंडी इतकी की १३ तारखेला वीज जपून वापरा असा सरकारी इशारा सगळ्यांच्या फोनवर एकदम वाजला. असल्या महिन्यानंतर माणसाला काहीतरी हिरवं बघायचं असतं. महिनाअखेरीस दह्याच्या डब्यांना तळाशी भोकं पाडून मी बी टाकलं.

उगवण झकास झाली. टोमॅटोच्या बियाला उगवायला उजेड लागत नाही, ऊब लागते, पंचवीसच्या आसपास. आमच्या घरात तेवढी ऊब एकाच ठिकाणी असते. ओव्हन बंद ठेवून आतला दिवा लावला की डोश्याचं पीठ फुगतं, तिथे. पाचव्या दिवशी वाकलेल्या माना मातीतून वर. मी डबे उचलून दक्षिणेच्या खिडकीत मांडले आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.

दहा दिवसांत रोपं वीतभर झाली. जाडी शिवायच्या दोऱ्याएवढी, सगळी काचेकडे झुकलेली. आबांनी व्हिडिओवर पाहिलं.

"हे काय, मेथीची गड्डी हाय का? उन्हात ठेव की."

"उन्हातच आहेत." मी कॅमेरा खिडकीकडे फिरवला. सकाळचे दहा वाजलेले आणि सूर्य समोरच्या घराच्या छपरावर हनुवटी टेकून बसलेला, फिकट, पिठूळ. दिवस सगळा मिळून साडेनऊ तासांचा.

आबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "एवढंच?"

ऊन कमी पडतं ही अडचण त्यांच्या उभ्या आयुष्यात आली नव्हती. आपल्याकडे ऊन जास्त म्हणून शेडनेट, ऊन जास्त म्हणून लावण संध्याकाळी. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याकडे मला सांगायला काही नव्हतं. मला ते फार बरं वाटलं नाही.

पण आठवड्याने त्यांची पाळी आली. दोऱ्यांना आधार मिळावा म्हणून की काय, मी रोज पाणी घालत होते. एका सकाळी निम्मी रोपं आडवी. वरची पानं हिरवीगार, पण मातीलगत देठ काळपट आणि चिमटीत दाबल्यासारखा बारीक झालेला. फोन जवळ धरायला सांगून आबा म्हणाले, "मर लागली. पाणी तोड. रोपाला तहान लागू दे, तहान लागली की मुळी पाणी हुडकत खाली जाती." पिथियम, रायझोक्टोनिया ही बुरशांची नावं मी नंतर वाचली, ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की त्या देठ धरतात. हिवाळ्यात आमचं घर म्हणजे झाकण लावलेला डबाच. आबांनी ट्रायकोडर्मा, म्हणजे या बुरशांना आवरणारी उपयोगी बुरशी, सुचवलं, मी टेबलपंखा लावला. वाचली तीन. तीही एप्रिलात एवढी लांबली की टाकून दिली. मे महिन्यात गपगुमान दुकानातून रोपं आणली, एकेक पाच डॉलरला. आपले तीनशेच्या आसपास रुपये. हे आबांना सांगायला नको होतं.

"एका रोपाला? मंदीत दोन कॅरेट तंबाटी देत न्हाईत गं तेवढं."

इथे थोडं थांबून त्यांच्या टोमॅटोची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय त्यांचे हे फोन कळणार नाहीत. २०२३ च्या मे महिन्यात दर इतके पडले की तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंही निघेना. आबांनी लालभडक लगडलेल्या एकरावर ट्रॅक्टर घालून रोटर मारला. आई सांगते, त्या दिवशी ते जेवले नाहीत. आणि जुलैत टोमॅटो किलोला शंभरावर गेला. देशभर बातम्या, विनोद, सगळं. आमच्या सोप्यात कोणी हसलं नाही. त्यानंतर आमच्या रानात टोमॅटो नाही. सगळा ऊस.

"तुझ्या तंबाटीला बाजार न्हाई, ते लई बरं हाय," असं ते एकदा सहज बोलून गेले.

तर २०२५. पाडवा ३० मार्चला होता आणि राणीच्या सुट्टीपासून मागे मोजलं तरी तोच आठवडा येत होता. अंगणात अजून गुडघाभर बर्फाचा ढीग, गुढी आत काचेला टेकवून उभी, आणि मी ट्रेमध्ये बी टाकत बसलेले. कोकोपीटची वीट दुकानातून आणली, उलटी करून बघितली तर भारतातूनच आलेली. नारळाचा भुसा माझ्याआधी येऊन पोचला होता म्हणायचा. बी मात्र इथलंच. आईने गाठोड्यात कृष्णाकाठच्या वांग्याचं आणि गावठी टोमॅटोचं बी बांधून ठेवलं होतं, पण बियाणं असं सामानात घालून आणता येत नाही. विमानतळावर जाहीर करावं लागतं, कागद लागतात. म्हणून सब-आर्क्टिक प्लेंटी नावाची बुटकी, लवकर येणारी जात घेतली. आमच्याच अल्बर्टा प्रांतातल्या बीव्हरलॉज संशोधन केंद्रात थंड मुलखासाठी काढलेली. पाकिटात पंचवीस बिया. गावाकडे दहा ग्रॅमच्या पाकिटात तीन हजारांच्या आसपास येतात.

ट्रे ओव्हनमध्ये ठेवला. दोन दिवसांनी नवऱ्याने पिझ्झासाठी ओव्हन दोनशेवर लावला. मी वरच्या मजल्यावर होते, खाली आले ती कोकोपीटच्या खरपूस वासाने. ट्रेच्या कडा पापडासारख्या वळलेल्या. तारीख १ एप्रिल, त्यामुळे लेकीला वाटलं बाबांनी मुद्दामच केलं. उरलेल्या बिया त्याच संध्याकाळी टाकल्या आणि ओव्हनच्या दाराला मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: ओव्हनमध्ये रोपं आहेत, पेटवू नये.

या खेपेला कोंब दिसला की दिव्याखाली. तळघरात गॅरेजला लावतात तसल्या दोन साध्या एलईडी नळ्या साखळीने टांगल्या, रोपाच्या डोक्यावर चार बोटं अंतर, वाढेल तशा वर ओढायच्या. टायमर लावून सोळा तास उजेड, आठ तास अंधार. एका रोपाच्या दोन्ही पानांवर बियाचं टरफल टोपीसारखं घट्ट बसलेलं होतं. बोटावर पाण्याचा थेंब घेऊन ते भिजवलं, अर्ध्या तासाने नखाने हलकेच काढलं. ओढून काढलं तर पानंच तुटून येतात, हे मला त्याच्या शेजाऱ्याने शिकवलं. खरी पानं फुटल्यावर प्रत्येक रोप मोठ्या डब्यात, देठ पानांपर्यंत मातीत गाडून. टोमॅटोच्या गाडलेल्या देठाला मुळ्या फुटतात. रोज येता-जाता रोपांवरून तळहात फिरवायचा, वाऱ्यात हलल्यासारखी हलली की देठ जाड होतो. आबा बघून हसले, "कुरवाळतीयास व्हय?" पाणी मात्र त्यांच्या हिशेबाने, डबा उचलून हलका लागला तरच.

मेच्या मध्याला बाहेरची सवय. पहिल्या दिवशी अर्धा तास सावलीत, दुसऱ्या दिवशी तास, असं दहा दिवस. दिव्याखाली वाढलेल्या पानाला खरं ऊन एकदम सोसत नाही, पांढरे चट्टे पडतात. दोन रोपांनी ते करून दाखवलं. आबांना यात काही नवीन नव्हतं. आंब्याखालची ती रात्र आमच्याकडे त्यासाठीच असायची.

२७ मे ला सोळा रोपं वाफ्यात गेली.

जुलैत एका रविवारी मी खालची पिवळी पानं खुडत होते. आत येऊन बेसिनवर हात धुतले तर साबणाचा फेस पिवळट हिरवा झाला. दुसऱ्यांदा धुतले, पुन्हा हिरवा. बोटांच्या चिमटीत काळसर चिकट थर, आणि तो वास. तिखटही नाही, आंबटही नाही, फक्त टोमॅटोच्या पाल्याला येतो तो. बांधणीच्या दिवसांत आबा रानातून आले की मोरीवर असेच हात घासत उभे असायचे. आई लिंबाची फोड द्यायची. पाणी हिरवं होऊन वाहायचं आणि मी ते बघत बसायची. मी ओल्या हाताचा फोटो काढून आबांना पाठवला. खाली काही लिहिलं नाही. त्यांनी नुसता अंगठा पाठवला, पण दहा मिनिटांनी आईचा फोन आला की काय पाठवलंस, फोन घेऊन कधीचे बाहेर ओट्यावर बसलेत.

सप्टेंबरात गोठण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे हिरवे टोमॅटो तोडून आणले, साडेचार किलो. शेंगदाणे, लसूण, हिरवी मिरची घालून त्यांची चटणी, आणि उरलेले कागदात गुंडाळून तळघरात. शेवटचा दिवाळीला पिकला.

आज फोनवर आबांना सांगितलं, यंदा पाडवा १९ मार्चलाच आहे, अकरा दिवस लवकर. पाडव्याला टाकली तर परत लांबतील. पलीकडे नुसता टीव्हीचा आवाज.

"मग असं कर," ते म्हणाले, "चार बिया पाडव्याला टाक. बाकीच्या तुझ्या राणीच्या हिशेबानं."

ओव्हनचा कागद मी जपून ठेवला होता. कडा जरा करपल्यात, पण अक्षरं नीट दिसतात.