टोटल लॉस

मी मोटार विम्याचा सर्वेअर आहे. २२ वर्षं दुसऱ्यांच्या ठोकलेल्या गाड्या बघतोय. मालक शेजारी उभा राहून "साहेब, अचानक कुत्रं आडवं आलं" असं सांगत असतो, मी "हो का, अरेरे" म्हणत बंपरखाली वाकलेला असतो. पोचा दाराला, रंग सोसायटीच्या खांबाचा, आणि कुत्रं म्हणे समोरून आलेलं. अशा वेळी भांडायचं नसतं. फोटो काढायचा आणि लिहायचं. गाडीला बोलता येत नाही, पण लपवताही येत नाही, यावर माझं घर चाललंय.

त्यामुळे गेल्या पावसाळ्यानंतर मी ९,००० रुपयांना एक जुना रिमोटचा रॉक क्रॉलर विकत घेतला, तेव्हा स्क्रूला हात लावायच्या आधी रीतसर सर्वे केला.

रॉक क्रॉलर म्हणजे काय, हे आमच्या घरातही अजून सगळ्यांना पटलेलं नाही. रिमोटची गाडी म्हटलं की लोकांना सुसाट पळणारी, सोफ्याखाली शिरून बंद पडणारी गाडी आठवते. ही त्याच्या बरोबर उलट. खऱ्या जीपच्या एक दशांश मापाची, दोन-अडीच किलोची, आणि माणूस चालतो त्याहून हळू जाणारी. मोटरचे फेरे गिअरांमधून इतके कमी करत आणलेले असतात की वेग जातो आणि जोर उरतो. शिवाय तिच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल लॉक केलेलं असतं. आपल्या मोटारीत वळताना डावं-उजवं चाक वेगवेगळ्या गतीने फिरू शकतं ते डिफरन्शियलमुळे. आणि एक चाक चिखलात रुतलं की सगळी ताकद त्याच चाकाकडे जाऊन ते नुसतं गरगरतं, तेही त्याच्यामुळेच. क्रॉलरमध्ये ती सोयच नाही. दोन्ही चाकं बैलजोडीसारखी एका जुवाला. एक हवेत लटकलं तरी दुसरं ओढत राहतं. याची किंमत वळताना मोजावी लागते. आमच्या हॉलमध्ये ती वळते तेव्हा अरुंद चौकात एसटी वळवल्यासारखं वाटतं, आणि टाइल्सवर टायर कुरकुरतात.

ही गाडी का घेतली, याची मी घरी तीन उत्तरं दिली आहेत. तिन्ही वेगवेगळी निघाली, हे बायकोने एकदा जेवताना दाखवून दिलं.

विकणारा मुलगा म्हणाला, "काका, माझी नाहीये. रूममेटची आहे. तो गेला बेंगळुरूला, इथेच टाकून. मला फ्लॅट रिकामा करायचाय." म्हणजे मूळ मालक गैरहजर. हे उत्तमच. कुत्र्याची गोष्ट ऐकवणारं कोणी नाही.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, टेबललॅम्प घेतला, मोबाइलवर फोटो काढायला सुरुवात केली. प्रत्येक भागाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे मापाचा अंदाज राहतो. धंद्याची सवय.

पहिली गोष्ट दिसली ती छत. पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी, आतून रंगवलेली. बाजू जवळजवळ स्वच्छ, पण छताची मागची कड आणि मागचं दार ओरखड्यांनी भरलेलं. यावर मी लगेच लिहिलं: वाहन वारंवार मागच्या मागे उलटलेले, चालक चढावर घाई करणारा. छताच्या मागच्या बाजूला ओरखड्यांवर एक गोल स्टिकर होता, हसणाऱ्या बेडकाचा. त्याची मी नोंद केली नाही. बेडकाला विमा नसतो.

मग स्क्रू. हे षट्कोनी खाचेचे बारीक स्क्रू, दीड आणि दोन मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने निघणारे. त्यातल्या निम्म्यांची खाच गोल झालेली. पठ्ठ्याने स्वस्तातली, टोक झिजलेली की वापरली होती, आणि ती फिरायला लागल्यावर ताराकृती टोक हातोडीने ठोकून बसवलं होतं. धातूत जाणाऱ्या स्क्रूला तो सैल होऊ नये म्हणून लावायचं निळं थ्रेडलॉकर त्याने प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंनाही सढळ हाताने लावलेलं. ते काही प्लॅस्टिकना खातं. दोन ठिकाणी भोकापासून केसासारख्या भेगा निघाल्या होत्या. मोटरवरचं छोटं पिनियन आणि त्याला भिडणारा मोठा प्लॅस्टिकचा गिअर यांच्यात वाजवीपेक्षा जास्त अंतर ठेवल्याने मोठ्याचे सात दाते साफ गेलेले. बेअरिंगमध्ये वाळलेला चिखल. चाकं वळवणाऱ्या सर्व्होच्या आतले दाते तुटल्याने पुढची चाकं म्हाताऱ्याच्या मानेसारखी हलणारी. बॅटरी पुरीसारखी फुगलेली; ती आधी घराबाहेर नेऊन ठेवली.

आणि शेवटी शॉक. आपले मेकॅनिक शॉकअप म्हणतात तेच, फक्त करंगळीएवढे. नळीत सिलिकॉनचं तेल, तेलात दांड्यावर बसवलेला भोकाभोकांचा पिस्टन, बाहेरून स्प्रिंग. पुढचे दोन उघडले तर तेल निळसर. आणि पिस्टनच्या खाली, दांड्यावर ओवलेला, जेल पेनच्या जाड रिफिलीचा तुकडा. दोन्हीकडे एकेक. मागच्यांत काही नाही.

मी मोठ्याने हसलो. बायको आतून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "अगं, या बाबाने शॉकअपमध्ये पेन घातलंय." फोटो काढला आणि तुकडे कचऱ्यात टाकले. आमच्याकडे बदललेल्या भागाला सॅल्व्हेज, म्हणजे भंगाराची, किंमत लावतात. रिफिलीला शून्य.

एव्हाना मूळ मालक माझ्या डोळ्यांपुढे पूर्ण उभा राहिला होता. तेवीस-चोवीस वर्षांचा, आयटीतला, रात्री अकराला काम करायला बसणारा, योग्य भाग यायची वाट न बघणारा, हाताशी येईल ते कोंबणारा. मला तो आवडलाही. पण आवडणं वेगळं आणि रिपोर्ट वेगळा.

विम्याच्या नियमात रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरीला सरसकट ५० टक्के घसारा धरतात. ही गाडी म्हणजे जवळजवळ तेवढंच. काच असती तर तिला घसारा नाही, पण खिडक्यासुद्धा प्लॅस्टिकच्या.

दुरुस्तीचे पुढचे दोन महिने फार सुखाचे गेले. बेअरिंगसाठी पुण्याच्या बोहरी आळीत गेलो. भोक ५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास १०, जाडी ४. याला एमआर १०५ म्हणतात. एवढा अभ्यास करून गेलो होतो. दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हे कुठल्या मशिनला लागतं?" मी म्हटलं, "जीपला." त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चिमटीतल्या बेअरिंगकडे पाहिलं, आणि काही न बोलता आतून डबा आणला. चांगला दुकानदार.

टायर रिमला चिकटवलेले असतात. त्यांत हवा नसते, आत स्पंज असतो, आणि दाबला की हवा बाहेर जायला रिमला बारीक भोक असतं. हे डिंक लावलेले टायर रिम न मोडता सोडवायचे तर उकळत्या पाण्यात. मी घरात कोणी नसताना चारही चाकं पातेल्यात उकळली. वास कुकरच्या जळालेल्या रिंगसारखा येतो आणि तो लपत नाही. ते पातेलं आता माझं आहे.

गिअर बसवणं मात्र मन लावून केलं. पिनियन आणि मोठा गिअर यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालायची, दोन्ही एकमेकांवर दाबून मोटर आवळायची, मग गिअर फिरवून कागद बाहेर काढायचा. कागद फाटला तर फार घट्ट. त्यावर नुसत्या पुसट खुणा उमटल्या तर सैल. साडीच्या निऱ्यांसारख्या एकसारख्या घड्या पडून सबंध बाहेर आला की जमलं. पाचव्या प्रयत्नाला जमलं. ती पट्टी माझ्या लेटरहेडची होती, त्यावरचा परवाना क्रमांक निऱ्यांमध्ये अजून वाचता येतो.

चुकाही केल्या. सर्व्होच्या दांड्याला २५ दाते होते आणि मी त्यावर २४ दात्यांचा हात बसवायला निघालो. बसत नाही म्हणून जोर लावला. मग ताराकृती टोक आणि हातोडी आठवून जरा थांबलो.

सगळा हिशेब झाला ७,८५० रुपये. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या ठरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की आम्ही ती टोटल लॉस धरतो. ९,००० चे ७५ टक्के ६,७५०. म्हणजे माझ्याच सहीने मी ही गाडी भंगारात काढायला हवी होती. बिलं मी ऑफिसच्या बॅगेत ठेवली.

रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर गेलो. जुन्या खाणीच्या बाजूला काळा दगड उघडा पडलाय, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. क्रॉलरला याहून चांगलं मैदान नाही. गाडी खाली ठेवली, ट्रिगर हलकेच दाबला, आणि ती निघाली. चाक दगडाच्या कडेला टेकतं, जरा विचार केल्यासारखं थांबतं, रबर दबतं, कड पकडतं, आणि सबंध गाडी एका बाजूने वर येते. ट्रिगर सोडला की मोटरच ब्रेक धरते. उतारावर पालीसारखी चिकटून राहते. मध्येच अ‍ॅक्सलचा फुगीर गोळा दगडावर टेकून चारही चाकं लोंबकळायची. ट्रॅक्सस कंपनीच्या २०१७च्या टीआरएक्स-४ या क्रॉलरला युनिमॉग ट्रकसारखे पोर्टल अ‍ॅक्सल आहेत. चाकापाशी आणखी एक गिअरजोडी असते, त्यामुळे अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो आणि असा अडकत नाही. आपल्याला नाहीत, तर नाहीत. फिरायला आलेले एक आजोबा पाच मिनिटं बघत उभे होते. "पळत नाही का ही?" "नाही." "मग बरोबर आहे," म्हणाले आणि गेले. काय बरोबर, ते कळलं नाही.

मग मी तिला एका उभ्या फरशीसारख्या दगडावर घातलं. दोन फूट उंच, पण चढण खडी. निम्म्यावर गेली, नाक वर उचललं, घोडा उधळावा तशी मागच्या चाकांवर उभी राहिली आणि मागच्या मागे पाठीवर पडली. पुन्हा लावली. पुन्हा तेच. अगदी हळू नेली, तरी तेच. मी घाई करत नव्हतो. रिपोर्टमध्ये ज्याला घाई म्हटलं होतं, तसलं काही मी करत नव्हतो.

अकराव्यांदा पडल्यावर उचलली, तर बेडकाच्या तोंडावरून आडवा ओरखडा गेलेला. ताजा, पांढरा.

तिथेच दगडावर बसलो. बेडूक जुन्या ओरखड्यांवर चिकटवलेला होता. पण माझ्या हातात आला तेव्हा त्याच्यावर एकही ओरखडा नव्हता. म्हणजे बेडूक लावल्यानंतर ही गाडी मागे उलटलेलीच नाही. आणि चालवणं काही थांबलं नव्हतं. बेअरिंगमधला चिखल, गेलेले दाते, सगळं ओरडून सांगत होतं. २२ वर्षांच्या सर्वेअरने ते पाहिलं आणि लिहिलं नाही.

चढावर वजन मागे जातं. पुढच्या स्प्रिंगांवरचा भार हलका होतो, त्या ताणतात आणि नाकाला आणखी वर ढकलतात. नाक वर गेलं की वजन अजून मागे. असं होत होत ती उलटते. पुढचे शॉक पुरते लांब होऊच दिले नाहीत, तर नाक खाली राहतं. त्यासाठी पिस्टनच्या खाली, दांड्यावर, काहीतरी नळीसारखं अडवायला घालावं लागतं. फक्त पुढच्या दोघांत.

स्क्रू ठोकणारा आणि हा एकच माणूस होता, हे मला पचवायला टेकडी उतरेपर्यंत वेळ लागला.

तुकडे केव्हाच घंटागाडीत गेले होते. पण फोटो होता, शेजारी रुपयासह. नाणं मोजलं, २२ मिलिमीटर. फोटो मोठा करून पट्टी लावली. तुकडा बरोबर ७ मिलिमीटरचा. दुसराही ७. दोन्हींची टोकं काटकोनात कापलेली, आतल्या बाजूने घासून गुळगुळीत केलेली. अ‍ॅलन कीची पर्वा न करणाऱ्या माणसाने हे कधीतरी रात्री बसून शांतपणे केलं होतं.

मुलीच्या कंपासपेटीतलं जेल पेन घेतलं, रिफिल काढून ब्लेडने कापली. शाई बोटांना, टेबलाला, थोडी शर्टाला. साबणाने कितीदा धुतली तरी आतली निळाई पुरती जाईना. दांड्यावर ओवली, पिस्टन लावला, तेल भरलं, बुडबुडे वर येईपर्यंत नळी धरून बसलो. तेलात हळूहळू एक निळी रेघ उतरत गेली.

"बाबा, माझं पेन कुठंय?" मुलगी दारात उभी होती. मी बोटं टेबलाखाली घेतली. दुसऱ्या दिवशी तिला नवं आणून दिलं, दहा रुपयांचं. एकूण बिल ७,८६०.