आईच्या नावाचं खातं

आज आईला घेऊन पोस्टात गेलो. २०२३ साली तिने महिला सन्मान बचत प्रमाणपत्रात ५०,००० रुपये ठेवले होते. साडेसात टक्के व्याज, दोन वर्षांची मुदत. त्याचे ५८,०११ झाले. सगळे ब्लाउज शिवून, पै पै करून डब्यात साठवलेले.

काउंटरवर विचारलं, "पैसे कुणाच्या खात्यात?" आई पटकन म्हणाली, "माझ्याच!" रबर लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक काढताना तिची बोटं थरथरत होती. (ही योजना मार्च २०२५ अखेर बंद झाली, खरंच वाईट वाटतं.)

येताना म्हटलं, "आई, एक छान साडी घे."

"साडी नंतर. आधी पिको-फॉलचं मशीन बघू."

उद्या सकाळी दुकानात जातोय.