आमची वाटचाल : जुन्या डेस्कटॉपला आजचा एसएमपीएस

आमच्या कामाची सुरुवात जुन्या डेस्कटॉप संगणकांचे एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारे डबे, दुरुस्त करण्यापासून झाली. फुगलेले कॅपॅसिटर बदलायचे, अडकलेला पंखा बदलायचा, लोडवर चालवून बघायचं आणि परत द्यायचं. हे संगणक बहुतेक एखाद्या यंत्राला किंवा मोजमापाच्या उपकरणाला जोडलेले असतात. त्यातलं आयएसए कार्ड (जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये बसणारं कार्ड) नव्या मदरबोर्डवर बसत नाही आणि सॉफ्टवेअर त्या कार्डाशिवाय उघडत नाही, त्यामुळे संगणक बदलण्याचा प्रश्नच नसतो. पण वर्षानुवर्षं तापून एसएमपीएसची प्लेट काळी पडली, ट्रॅक उचलले गेले, की दुरुस्तीला अर्थ उरत नाही. तेव्हा आम्ही बाजारात मिळणारा एटीएक्स (आजच्या डेस्कटॉपच्या धाटणीचा) एसएमपीएस जुन्या बोर्डाला जुळवून द्यायला लागलो. आज आमचं बहुतेक काम हेच आहे.

एटी, म्हणजे एटीएक्सच्या आधीच्या धाटणीच्या बोर्डावर पी ८ आणि पी ९ असे सहा-सहा पिनांचे दोन प्लग लागतात. पी ८ मध्ये क्रमाने पॉवर गुड (व्होल्टेज स्थिरावल्याची खूण देणारा सिग्नल), +५, +१२, -१२ आणि दोन ग्राउंड; पी ९ मध्ये दोन ग्राउंड, -५ आणि तीन +५. दोन्ही प्लग शेजारी लावले की ग्राउंडच्या काळ्या वायर मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे लावले तर ग्राउंडच्या जागी +५ जातो आणि बोर्ड जळतो. एटीएक्सच्या २० पिनी प्लगमध्ये +५ च्या लाल वायर चारच असतात आणि एटीला +५ साठी चारच लागतात, तेव्हा जोडणी सरळ होते. २४ पिनी प्लगमध्ये एक लाल जास्त असते, ती आम्ही पी ९ च्या एका पिनेसोबत जोडतो.

खरा धोका रंगांचा आहे. एटीमध्ये नारिंगी वायर म्हणजे पॉवर गुड, तर एटीएक्समध्ये नारिंगी म्हणजे ३.३ व्होल्ट. एटीएक्सचा पॉवर गुड राखाडी वायरवर, ८ नंबरच्या पिनेवर येतो. काही जण पॉवर गुडची पिन सरळ +५ ला जोडून मोकळे होतात. बोर्ड सुरू होतो, पण व्होल्टेज स्थिरावण्याआधीच रिसेट सुटतो आणि मग कधी चालू, कधी काळा पडदा असा खेळ चालतो. एसएमपीएस हा सिग्नल १०० ते ५०० मिलिसेकंद थांबवून देतो तो उगीच नाही. राखाडी वायरच पी ८ च्या पहिल्या पिनेला गेली पाहिजे.

नव्या एसएमपीएसचा प्लग आम्ही कधीच कापत नाही. २४ पिनी प्लगमध्ये १३ नंबरच्या नारिंगी वायरसोबत त्याच पिनेत बऱ्याचदा एक बारीक तपकिरी वायर क्रिंप केलेली (दाबून बसवलेली) असते. ३.३ व्होल्ट किती पोचला हे तिच्यावरून एसएमपीएसला कळतं. ती तुटली तर त्याचं नियमन बिघडतं, काही वेळा तो सुरूच होत नाही. म्हणून एका टोकाला २४ पिनी सॉकेट आणि दुसऱ्या टोकाला पी ८, पी ९ अशी वेगळी हार्नेस (जोडवायरींचा संच) बनवतो. १८ गेजची वायर, लांबी १५ सेंटिमीटरच्या आत, प्रत्येक पिन योग्य क्रिंपरने दाबलेली. वायरमध्ये पडणारा व्होल्टेजचा ड्रॉप नगण्य असतो. व्होल्टेज खाते ती सैल पिन. एसएमपीएसजवळ ५.०५ आणि आयएसए स्लॉटवर ४.७ दिसलं, की आधी क्रिंप तपासावी.

जुन्या कॅबिनेटच्या बटणापर्यंत चार जाड वायरींतून मेन्सची वीज येत असे. नव्या जोडणीत तिथे मेन्सचं कामच नाही. एटीएक्सची हिरवी वायर (ऑनचा सिग्नल) ग्राउंडला टेकली की एसएमपीएस सुरू होतो, त्या वायरीतून जेमतेम मिलिअँपिअरभर करंट वाहतो. तेच जुनं दणकट बटण वापरावंसं वाटतं, पण मेन्ससाठी बनवलेले जुने काँटॅक्ट इतक्या कमी करंटवर दगा देतात. आम्ही लहान, दाबलं की तसंच राहणारं नवं बटण बसवतो आणि मेन्सच्या वायरी पूर्ण काढून टाकतो. यात एक फरक ग्राहकाला आवर्जून सांगावा लागतो : बटण बंद असलं तरी एसएमपीएस आतून जिवंत असतो. कार्ड काढताना प्लग उपसायलाच हवा.

-५ व्होल्टकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. एटीएक्सच्या पुढच्या आवृत्त्यांमधून तो वगळला गेला. २४ पिनी प्लगमध्ये २० नंबरची जागा रिकामी असते. बोर्डाला बहुधा फरक पडत नाही, पण काही जुनी साउंड कार्डं आणि मोजमापाची कार्डं त्याच्याशिवाय मुकी राहतात. तो आम्ही -१२ मधून ७९०५ रेग्युलेटरने काढतो. इथे ७८०५ (+५ देणारा नेहमीचा रेग्युलेटर) ची सवय हाताला नडते. ७९०५ ची पहिली पिन ग्राउंड, मधली इनपुट, तिसरी आउटपुट. आणि पाठीचा पत्रा इनपुटला जोडलेला असतो, म्हणजे त्यावर -१२ असतो. तो कॅबिनेटला टेकता कामा नये : अभ्रकाचा तुकडा लावा किंवा स्लीव्हमध्ये बंद करा. इनपुटला २.२ आणि आउटपुटला १ मायक्रोफॅरडचे टँटलम कॅपॅसिटर, दोन्हींचं धन टोक ग्राउंडकडे. ते उलटं बसलं तर कॅपॅसिटर फुटतो.

एसएमपीएस निवडताना एकूण वॅट पाहून चालत नाही. आजचे एसएमपीएस ताकद १२ व्होल्टवर देतात; जुना बोर्ड मात्र जवळजवळ सगळं +५ वरून घेतो. लेबलवर +५ चे अँपिअर आणि ३.३ व ५ ची मिळून मर्यादा वाचावी. स्वस्त रचनेत ५ आणि १२ चं नियमन एकत्र असतं. ५ वर भार जास्त आणि १२ वर जवळपास शून्य, असं झालं की ५ खाली बसतो आणि १२ वर चढतो. अशा वेळी १२ वर थोडा भार ठेवावा किंवा ५ आणि १२ चं नियमन वेगळं असलेला एसएमपीएस घ्यावा. आम्ही दुसरा मार्ग पसंत करतो, कारण भारासाठी लावलेला रेझिस्टर कॅबिनेटमध्ये उष्णता ओततो.

पुढे ब्रँडेड डेस्कटॉप यायला लागले आणि कामाची पद्धत बदलावी लागली. काहींत प्लग हुबेहूब २० पिनी एटीएक्सचा, पण आतल्या वायरींचा क्रम वेगळाच. असा प्लग सहज बसतो, खट्टकन लॉक होतो आणि बोर्ड घेऊन जातो. म्हणून बोर्ड समोर आल्यावर आम्ही आधी मल्टिमीटर कंटिन्यूटीवर (दोन टोकं आतून जोडलेली आहेत का हे दाखवणाऱ्या सेटिंगवर) ठेवतो. आयएसए स्लॉटची बी बाजू यात फार उपयोगी पडते : बी १ ग्राउंड, बी ३ वर +५, बी ५ वर -५, बी ७ वर -१२ आणि बी ९ वर +१२. एक टोक तिथे, दुसरं प्लगच्या पिनांवर, असं करत पूर्ण नकाशा कागदावर उतरतो. पॉवर गुड आणि ऑनचा सिग्नल यातून सापडत नाही; जुना एसएमपीएस जिवंत असेल तर तो त्याच्यावर मोजून घेतो.

हार्नेस बोर्डाला लावण्याआधी एसएमपीएस भारावर चालवतो. +५ वर ५ ओहम, १० वॅटचे रेझिस्टर (एकामागे १ अँपिअर), १२ वर मोटारीचा २१ वॅटचा दिवा. +५ हा ४.७५ ते ५.२५, +१२ हा ११.४ ते १२.६ आणि -१२ हा -१०.८ ते -१३.२ च्या आत हवा. मग सगळी कार्डं काढून फक्त बोर्ड, नंतर एकेक कार्ड.

बसवण्याचं म्हणाल, तर जुना एसएमपीएस १५० × १४० × ८६ मिलिमीटरचा असला तर एटीएक्स त्याच जागी बसतो. त्याहून मोठ्या, जुन्या धाटणीच्या कॅबिनेटला मधली पत्र्याची पट्टी कापावी लागते. मोठा पंखा तळाशी असलेला एसएमपीएस आडव्या कॅबिनेटमध्ये पत्र्याला तोंड लावून बसतो आणि हवा कोंडते. तिथे मागे ८० मिलिमीटरचा पंखा असलेलाच घ्यावा.

काम पाठवताना फक्त एसएमपीएस पाठवू नका. मदरबोर्ड, त्यावरची सगळी कार्डं आणि बंद पडलेला का होईना, जुना एसएमपीएस सोबत द्या. लेबलावरचे आकडे वाचता येतील असा फोटो आणि सगळे प्लग जागेवर असतानाचा फोटो, हे दोन असले की नकाशा काढायला वेळ निम्मा लागतो.