जॉब

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये ‘जॉब’ म्हणजे नोकरी नव्हे. जॉब म्हणजे पोरांनी फाईलने घासायचा लोखंडाचा तुकडा. वाईसमध्ये धरायचा, घासायचा, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे बघायचं, फट दिसली की पुन्हा घासायचा. फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक म्हणून अठरा वर्षं मी हेच करवून घेतोय.

मागच्या डिसेंबरात सकाळीच जवळच्या एका जिनिंगवाल्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या शेठचा फोन आला. त्यांचा फिटर परराज्यातला, बहिणीच्या लग्नाला गेलेला. दोन जिनांमधून (सरकी काढायच्या मशिनींतून) सरकी फुटून रुईत येत होती आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. “सर, तुमचे पोट्टे घेऊन या ना राजेहो!”

दुसऱ्या वर्षाची दोन पोरं घेतली, एका मोटारसायकलवर तिघं (लिहू नये, पण गेलो). दोघंही कापूसवाल्याच्या घरची. बोंडं वेचून बोटं फाटलेली, पण जिन आतून कधी पाहिली नव्हती. कुठून पाहणार? आमचा अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो, काश्मीरला तोच आणि यवतमाळलाही तोच. नागपूरला सिरकॉट या केंद्र सरकारच्या कापूस संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं मी एकदाही पोरं घेऊन गेलेलो नाही, हे मात्र माझ्याच खात्यावर.

मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात घातला. पोरं बावरून उभी. चामड्याचे दोन रोलर, त्यांना टेकलेले चाकू, मधे वरखाली हलणारा बीटर. मलाही हे पुस्तकापुरतंच ठाऊक. रुई झाडणारी एक मावशी मागून म्हणाली, “त्या आंगच्या टोकाले पाह्य बाबू, तिकडूनच फुटते सरकी.” एका पोरानं फट मोजायच्या फिलर गेजच्या पात्या उघडल्या. या टोकाला पाती सहज सरकली, त्या टोकाला अडली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. “सर, हे तं आपल्या जॉबसारखंच हाय. एका बाजूनं फट.”

दुपारी दोनपर्यंत दोन्ही मशिनी सुरू झाल्या. मूठभर सरकी हातात घेऊन शेठनी बघितली. अख्खी होती.

चहावर मी विषय काढला. तीस आणि त्याहून जास्त माणसं असली की कायद्यानं अॅप्रेंटिस घ्यावेच लागतात. शेठ हसले. “आमची कायम माणसं किती? बाकी सारे ठेकेदाराचे.” ठेकेदाराचेही मोजायचे असतात, हे त्यांना माहीत आणि मलाही. मग म्हणाले, “ते मुख्यमंत्र्याच्या योजनेतले द्या ना. आयटीआयवाल्याले सरकार आठ हजार देते, थेट खात्यात. मी कायले खिशातून देऊ?” २०२४ मध्ये ती कार्य प्रशिक्षण योजना आली तेव्हा मीच पोरांचे फॉर्म भरले होते. मुदत संपली तशी बहुतेक पोरं घरी आली. आमच्या रजिस्टरात मात्र ती कामाला लागलेली दिसतात. तो रकाना कामाला लागल्याचा आहे. टिकल्याचा रकानाच नाही.

फिलर लावणारा पोरगा इतका वेळ गप्प होता. एकदम म्हणाला, “शेठ, पीएफ कटते का? अन् सीझन संपल्यावर?”

शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पढवून आणलंय. मी नव्हतं शिकवलं. एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचा तास असतो, ज्याला अर्धा वर्ग दांडी मारतो. हा बसत असावा.

“एप्रिलपर्यंत येऊ दे, मग पाहू,” शेठ म्हणाले आणि दोघांच्या हातावर पाचपाचशे ठेवले.

परतताना पोरगा मागून ओरडून विचारत होता, “सर, चाकणला किती देतेत?” मी आकडा सांगितला, खोलीभाडंही सांगितलं. तो गावापर्यंत पुढं काही बोलला नाही. वर्कशॉपला कुलूप लागायच्या आत त्याला अर्धा राहिलेला जॉब जमा करायचा होता.