तेरा सेंटिमीटर

आज फोंड्याच्या घरी बसून दिवसभर एका देशाच्या भूसुरुंग निर्मूलनाच्या राष्ट्रीय मानकांचा मसुदा तपासला. (‘माइन’ म्हटले की शेजारच्या काकांना खनिजाची खाणच आठवते, गोव्यात दुसरे काय आठवणार!) संयुक्त राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय मानके २००१ साली आली, पण त्यांचा आधार घेऊन प्रत्येक देशाने आपली माती, पाऊस, सुरुंगांचे प्रकार आणि कायदे पाहून स्वतःचे नियम ठरवायचे असतात.

सकाळ एका क्रियापदातच गेली. मसुद्यात ‘शॅल’ म्हणजे बंधनकारक आणि ‘शुड’ म्हणजे शिफारस, हा भेद काटेकोरपणे पाळावा लागतो; माझ्या मराठी टिपणांत मात्र ‘करावे’ दोन्हींसाठी येत होते.

दुपारी खोलीचे कलम आले. काही देशांत जमीन १३ सेंटिमीटर खोलीपर्यंत साफ करण्याचा दंडक आहे. पट्टी घेऊन परसात गेले. माडाच्या बुंध्याशी यंदाच्या पावसाने उतारावरून वाहून आणलेल्या तांबड्या मातीत ती रोवली, तर १३ चा आकडा सहज गडप झाला. म्हणजे असा पाऊस पडणाऱ्या देशात पायथ्याचा सुरुंग दरसाल अधिक खोल गाडला जाणार आणि चढावरचा उघडा पडणार. शिवाय पुढे तिथे नांगर चालणार असेल, तर फाळाची खोलीही धरायला हवी. म्हणून ‘खोली जागेनुसार ठरवावी’ अशी सूचना टिपली, मग ‘ठरवावी’ खोडून ‘ठरवणे बंधनकारक आहे’ असे लिहिले.